कुमुद शेकरूचा एक आणि रणधीर रानडुकराचे पाच

एका जंगलात वाघापेक्षा टक्क्यांची भीती जास्त होती.

वाघाचं काय, मुलांनो, तो पंधरा दिवसांतून एकदा यायचा, एकाला उचलून न्यायचा आणि बाकीच्यांना मोकळं सोडायचा. टक्के कोणालाच मोकळं सोडत नसत. पाणवठ्यावर आधी कोणी प्यायचं हे टक्क्यांवर ठरे. लग्नं टक्क्यांवर जुळत. कोणी मेलं तरी शेजारी हळहळत, "बिचारा गेला. बहात्तर टक्के होते."

त्या जंगलात कुमुद नावाची एक शेकरू होती. तुम्ही शेकरू पाहिली नसेल तर मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत कुमुदला नव्याण्णव दशांश चार टक्के पडले. तिचे वडील अण्णा शेकरू यांनी निकाल हातात घेतला, दोनदा वाचला आणि अतिशय मायेने विचारलं,

"कुमे, उरलेले शून्य दशांश सहा कुठे गं सांडलेस?"

पण कुमुदच्या डोक्यात टक्के नव्हते. टेकडी होती.

जंगलाच्या पूर्वेला ती टेकडी होती. एके काळी तिच्यावर ऐन, हिरडा, बेहडा या झाडांची दाटी होती. कुमुदचा जन्म तिथल्याच एका ऐनावर झाला. ती अजून डोळेही उघडत नव्हती तेव्हा टेकडीला वणवा लागला. आईने तिला तोंडात धरून ओढ्यापलीकडे आणून ठेवलं आणि तिच्या भावाला आणायला ती परत गेली. ती आली नाही. तेव्हापासून टेकडी बोडकी होती. दर पावसाळ्यात तिची थोडी माती ओढ्यात उतरे आणि ओढा थोडा उथळ होई. जंगलाला याची फार काळजी होती. दर वर्षी काळजीची सभा भरे.

"ही टेकडी पुन्हा हिरवी करता येईल का, सर?" कुमुदने शाळेत विचारलं होतं.

"हे परीक्षेला नाही," बगळे सर म्हणाले.

समुद्रापलीकडे हिमरान नावाचं एक थंड जंगल होतं. जळालेलं रान पुन्हा कसं उगवायचं, हे तिथल्या विद्यापीठात शिकवत. कुमुद एका करकोच्याच्या पाठीवर बसून तिकडे गेली. त्याच वर्षी रणधीर रानडुक्करही गेला. त्याला शाळेत छत्तीस टक्के होते. पण त्याचे मामा जंगलाच्या कारभारात होते, त्यामुळे त्याला वाहून न्यायला चार करकोचे मिळाले.

हिमरानात त्यांना प्राध्यापक ऊहू शिकवत. ते घुबड होते. आपल्याकडे एखाद्याला घुबड म्हटलं तर तो भांडायला उठतो. तिकडे घुबड आलं की सगळे आदराने उठत.

पहिली परीक्षा झाली. राखेखाली दबलेलं बी कसं जागं होतं, यावर कुमुदने तीन तास लिहिलं. आठ दिवसांनी निकाल एका झाडाच्या सालीवर लागला.

कुमुद : १. रणधीर : ५.

कुमुदने पुन्हा पुन्हा पाहिलं. एकाच्या पुढची दोन शून्यं पावसाने पुसली असतील म्हणून तिने नखाने साल खरवडली. खाली काही नव्हतं. तरी ती खरवडत राहिली.

"एवढं काय मनाला लावून घेतेस?" रणधीर मोठ्या मनाने म्हणाला. "माझ्या पाचातला एक घे हवा तर."

तीन दिवस ती एका ढोलीत बसून राहिली. काही खाल्लं नाही. घरी पत्र टाकलं नाही. चौथ्या दिवशी ती प्राध्यापक ऊहूंकडे गेली.

"सर, मी परत जाते."

"का?"

"मला शंभरात एक पडला."

प्राध्यापकांनी मान पूर्ण मागे फिरवून पुढे आणली. "शंभरात? इथे शंभर कोणी आणले? इथे एक ते पाच असतात. एक म्हणजे याहून चांगलं आम्हाला ठाऊक नाही. दोन म्हणजे चांगलं. तीन म्हणजे ठीक. चार म्हणजे कसंबसं पास. पाच म्हणजे नापास, पुन्हा ये."

"म्हणजे जितके कमी तितके बरे?"

"तू कितव्या फांदीवर आहेस एवढंच आम्ही सांगतो. तू पहिल्या फांदीवर आहेस. गेल्या अकरा हिवाळ्यांत मी फक्त दोघांना एक दिला. दुसरी तू."

कुमुदच्या जिवात जीव आला. तिने डोळे पुसले. मग जन्मापासूनची सवय तिच्या तोंडून बोलली,

"सर, पण हा वरचा एक आहे की खालचा एक?"

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

कुमुदने बाहेर येऊन रणधीरला सगळं सांगितलं. त्याने एक कंद उकरून खाल्ला.

"रणधीर, ऐकतोयस ना? तू नापास झालायस."

"इथे," रणधीर म्हणाला. "घरी पाच झालेत."

पुढची तीन वर्षं कुमुद शिकली. कोणतं बी किती खोल पुरायचं, उतारावर आधी कोणतं झुडूप धरतं, कोणत्या झाडाच्या सावलीत कोणतं झाड वाढतं, हे ती शिकली. शेवटच्या परीक्षेतही तिला एक मिळाला. रणधीर त्या पहिल्याच परीक्षेला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा त्याला पाच मिळाले. तीन पाच झाले की हिमरान विद्यार्थ्याला घरी पाठवतं. म्हणून तो तिच्या आधी घरी पोहोचला.

कुमुद परतली तेव्हा जंगलाच्या वेशीवर कमान होती. कमानीवर पानाफुलांनी लिहिलं होतं, 'पाचपैकी पाच! रणधीररावांचे हार्दिक स्वागत!' फुलं सुकली होती, पण अक्षरं वाचता येत होती. तिला घ्यायला कोणी आलं नव्हतं. अण्णासुद्धा नाहीत.

अण्णा घरी ढोलीत, भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिचा निकाल अजून लागायचा आहे असं त्यांनी तीन वर्षं शेजाऱ्यांना सांगितलं होतं.

"एक," ते म्हणाले. "कुमे, निदान दोन तरी आणायचेस."

कुमुद त्यांच्याजवळ बसली. तिने त्यांना फांद्यांचा हिशेब समजावला. निकालपत्राच्या मागच्या बाजूला सगळं छापलेलं होतं, तेही दाखवलं. अण्णांनी नीट ऐकलं. त्यांना समजलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"मला पटलं गं. पण हे मी एकेका झाडावर जाऊन कोणाकोणाला सांगत बसू?"

त्याच आठवड्यात जंगलाने टेकडीसाठी एक रोपवनप्रमुख नेमायचं ठरवलं. परदेशी निकालांचा इथे काय अर्थ लावायचा, यासाठी समकक्षता समिती बसली. समितीचे अध्यक्ष आबासाहेब गवा होते. सभासद म्हणून एक मोर होता, तो सभेला शोभा आणत असे. दुसरं एक भेकर होतं, ते सही करत असे.

आबासाहेबांनी कुमुदचं निकालपत्र जमिनीवर ठेवलं आणि खुराने हिशेब मांडला. "मिळालेला गुण एक. जास्तीत जास्त गुण पाच. एक भागिले पाच, गुणिले शंभर. वीस टक्के. मुली, पास व्हायला पस्तीस लागतात."

"आबासाहेब, तिथे एक म्हणजे सगळ्यात वर."

"एक कधीपासून वर गेला? एकाच्या वर दोन असतो."

"मागच्या बाजूला लिहिलंय. कृपा करून कागद उलटा करून बघा."

"मागची बाजू आम्ही बघत नाही. शिक्का पुढे आहे."

"पदवी तरी बघा. मला पदवी मिळालीय. रणधीरला मिळालेली नाही."

भेकराने अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला. "अर्जात पदवीचा रकाना नाही," ते म्हणालं. "टक्क्यांचा आहे."

मग रणधीरचा हिशेब झाला. पाच भागिले पाच, गुणिले शंभर. मोराने पिसारा फुलवला. रणधीर रोपवनप्रमुख झाला.

कुमुदने त्याला बाहेर गाठलं. "तुला लाज नाही वाटत?"

"कशाची?" रणधीरला खरंच नवल वाटलं. "मी खोटं काय बोललो? पाच पडले, पाच सांगितले. भागाकार त्यांनी केला."

आता रानडुकराला उगवण्यातलं काय कळतं, मुलांनो? त्याला उकरण्यातलं कळतं. रणधीरने टेकडी इथून तिथून उकरली. कंद होते ते खाल्ले. जी काही चार झुडपं वणव्यानंतर आपोआप आली होती तीही उपटली गेली. 'मशागत पूर्ण,' असा अहवाल त्याने पाठवला. त्या वर्षी ओढ्यात नेहमीच्या दुप्पट माती आली.

आबासाहेब तसे भले होते. त्यांनी कुमुदला बोलावून घेतलं. "उपप्रमुखाची एक जागा मी तुझ्यासाठी रिकामी ठेवतो. परत जा. गुण सुधारून आण. पाच नको, चार आण. ऐंशी टक्क्यांत काम होईल."

कुमुद संतापून घरी आली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुला जमेल गं. तू हुशार आहेस."

ती गेली. टेकडीसाठी जातेय, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. थोडं अण्णांसाठी होतं, तेही खरं. पण थोडं, मुलांनो, शंभर टक्के या दोन शब्दांसाठी होतं. कारण करकोच्याच्या पाठीवर बसल्यावर तिच्या मनात आलं की जायचंच आहे तर चार कशाला, पाचच आणू.

हिमरानात पास झालेल्यालाही पुन्हा परीक्षेला बसता येई. मात्र शेवटचा निकाल तोच खरा धरत. एक मिळालेलं कोणी आजवर पुन्हा बसलं नव्हतं. लिपिकाने तिचा अर्ज तीनदा वाचला.

प्रश्नपत्रिका हातात आली आणि कुमुदची बोटं शिवशिवू लागली. सगळं येत होतं. तिने मन घट्ट केलं आणि एकूण एक उत्तर चुकीचं लिहिलं. खोल पुरायचं बी वर पुरलं. वर पुरायचं खोल पुरलं. उन्हातली झाडं सावलीत नेली. आयुष्यात पहिल्यांदा ती पेपर देऊन आल्यावर रडली.

निकाल लागला. कुमुद : १.

ती धावत प्राध्यापक ऊहूंकडे गेली. "सर, माझं सगळं चुकलंय!"

"सगळं," ते म्हणाले. "बावीसच्या बावीस उत्तरं बरोबर उलटी आहेत. ज्याला येत नाही त्याचं चुकून एखादं तरी बरोबर येतं. एवढं अचूक चुकायला सगळं यावं लागतं. मी दुसरे गुण कसे देऊ?"

"सर, मला पाच हवेत."

"का?"

मग कुमुदने त्यांना सांगितलं. भागाकार सांगितला, रणधीर सांगितला, कागदाची मागची बाजू सांगितली. टेकडी सांगितली. आईचं तिने हिमरानात कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

"तीस हिवाळे मी शिकवतोय," प्राध्यापक म्हणाले. "पाच देऊ नका म्हणून माझ्यापुढे पुष्कळ रडले. पाच द्या म्हणून कोणी रडलं नव्हतं. मी खोटे गुण देणार नाही, कुमुद. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा आहे. तिथे कोरा कागद दे. कोऱ्या कागदाला मी दुसरं काही देऊच शकत नाही."

तिने कोरा कागद दिला. तीन तास ती त्याच्याकडे बघत बसली आणि बोटं शेपटीखाली दाबून धरली. निकाल लागला. कुमुद : ५. प्राध्यापकांनी तो स्वतः सालीवर लावला आणि ते उडून गेले.

पाच घेऊन कुमुद घरी आली. या वेळी अण्णा वेशीवर उभे होते. पण त्यांचा चेहरा ठीक नव्हता.

"कुमे, तू गेल्यावर समिती अभ्यासदौऱ्यावर गेली होती."

"कुठे?"

"हिमरानात."

ती तिकडे रडत होती तेव्हा आबासाहेब, मोर आणि भेकर तिथेच कुठेतरी देवदारांच्या सावलीत पाहुणचार घेत होते. परतल्यावर त्यांनी सभा घेतली. आपलं जंगल मागे का राहिलं, तर आपण शंभर मोजतो म्हणून, असा शोध त्यांना लागला होता. आता आंतरराष्ट्रीय दर्जा स्वीकारायचा. यापुढे एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या सगळ्यात जोरात रणधीरने वाजवल्या.

कुमुद समितीपुढे उभी राहिली.

"पाच," आबासाहेब दुःखाने म्हणाले. "मुली, हे तू काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत ते केलं. आणि माझ्याकडे आधीचा एक आहे. तीन वेळा आहे. हा बघा."

"शेवटचा निकालच धरायचा. हिमरानाचाच नियम आहे. आपल्याला आता दर्जा सांभाळायला हवा."

"मग रणधीरचे पाच?"

"तो निकाल ठराव होण्यापूर्वीचा आहे. नवा नियम मागच्यांना लागू नाही."

"त्याने टेकडी उकरून टाकलीय, आबासाहेब!"

"उकरण्याबद्दल तक्रार असेल तर ती रोपवनप्रमुखांकडे करायची," भेकराने सांगितलं.

कुमुदने तिघांकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण तो कुठेतरी वाटेतच संपून गेला होता. तिला एकदम हलकं वाटलं. आता तिच्या गुणांत आणखी काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं.

"टेकडीवर खड्डे खणायला मजूर लागतात ना?" तिने विचारलं.

"लागतात."

"मजुराला गुण किती लागतात?"

आबासाहेबांनी भेकराकडे पाहिलं. भेकराने कागद चाळले. "मजुराला गुण लागत नाहीत."

"मग मला मजूर म्हणून घ्या."

ही बातमी कळल्यावर अण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच टेकडीवर आले. बिया निवडायला बसले. त्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही कोणाला काही सांगितलं नाही.

रणधीर दिवसभर टेकडीच्या पायथ्याशी चिखलात लोळे आणि अहवाल लिहवून घेई. त्यामुळे वर काय चाललंय हे त्याला ठाऊक नव्हतं. कुमुदने आधी उतारावर माती धरून ठेवणारी झुडपं लावली. त्यांच्या आडोशाला हिरडा लावला, बेहडा लावला. पहिल्या वर्षी निम्मं मेलं. दुसऱ्या वर्षी कमी मेलं. चौथ्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी निवळ आलं. हरणं पाणी प्यायला वाकली आणि त्यांना तळाचे दगड दिसले.

जंगलाने उत्सव केला. रोपवनप्रमुख रणधीररावांना वनभूषण हा किताब द्यायचं ठरलं. हिमरानातून प्राध्यापक ऊहूंना पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले. टेकडीवरून एक फेरी मारून ते व्यासपीठावर उतरले. कोणत्या झाडाच्या सावलीत कोणतं झाड लावलंय हे त्यांनी वरून पाहिलं होतं. त्यांनी रणधीरकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"हे कोणी लावलं?"

"माझ्या मार्गदर्शनाखाली लावलं," रणधीर म्हणाला.

"कोणी?"

"मजुरांनी."

प्राध्यापकांनी मान फिरवत गर्दीत शोधलं. कुमुद गर्दीत नव्हती. टेकडीच्या माथ्यावर तेवढी एक जागा अजून बोडकी राहिली होती आणि आज माती ओली होती. व्यासपीठावर मोराचं स्वागतगीत चाललं असताना ती तिथे ऐनाचं बी पुरत होती. खालून टाळ्यांचा आवाज आला. तिने ऐकला. पण तिचे दोन्ही हात मातीत होते.

तात्पर्य : मुलांनो, शिकायला खुशाल समुद्रापलीकडे जा, भरपूर अभ्यास करा. नापास मात्र वेळेवर व्हा.